शिडाच्या बोटीवर वेळ घालवायचं सामान: नागपूरच्या बाजारातलं काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

झिरो माइलच्या दगडापासून पाचशे किलोमीटरच्या आत कुठेच समुद्र नाही, त्यामुळे बोटीच्या सामानाचं दुकान नागपुरात शोधत बसू नये. पण लांबच्या सफरीवर वेळ घालवायला जे लागतं, त्यातलं बरंचसं बोटीच्या दुकानात मिळतही नाही. ते मिळतं इतवारीच्या दोर-सुतळीवाल्यांकडे, लोहा ओळीत, बर्डीच्या मोबाइलच्या टपऱ्यांवर आणि ताडपत्री शिवणाऱ्याकडे. हे परीक्षण त्या सामानाचं आहे.

आधी कसोटी ठरवू. मुंबई ते सेशेल्स सरळ रेषेत साधारण १,७५० सागरी मैल भरतं. ३५-४० फुटी शिडाची बोट बऱ्या वाऱ्यात दिवसाला १२० मैल कापते, म्हणजे पंधरा दिवस. तिघं जण असतील तर चार तास पाळी आणि आठ तास सुट्टी. पाळीवर सुकाणू बहुतेक वेळ ऑटोपायलट नाहीतर विंडव्हेन (वाऱ्याच्या दिशेवर सुकाणू फिरवणारं पातं) सांभाळते, माणसानं फक्त नजर ठेवायची. पण १८ नॉटनं, म्हणजे ताशी १८ सागरी मैलांनी, येणारं मालवाहू जहाज दिसल्यापासून अंगावर यायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. म्हणून दर दहा-बारा मिनिटांनी उठून चारी दिशांना बघावंच लागतं. वेळ भरपूर, पण सगळा सुट्टा. जे काम दहा मिनिटांनी जसंच्या तसं खाली ठेवता येत नाही ते पाळीवर चालत नाही, मग ते कितीही मनोरंजक असो.

दुसरी गोष्ट म्हणजे उतार. वारा बाजूनं असला की बोट दिवसेंदिवस १५ अंश कललेली राहते. घरीच बघायचं तर ६० सेंमी रुंद पाट घ्या, एक कड १५-१६ सेंमी उचलून खाली पुस्तकं सरकवा आणि त्यावर खेळ मांडा. अधूनमधून पाटाला खालून गुडघ्यानं धक्का द्या. कॅरम तिथेच बाद. लुडो आणि सापशिडीही बाद, फासे पहिल्याच तासात बोटीच्या तळाशी जातात. पत्ते टिकतात, पण कागदी नव्हे. कागदी पत्ते दमट हवेत तीन दिवसांत फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि पिसता येत नाहीत. पूर्ण प्लास्टिकचे घ्या. डबीवर ‘प्लास्टिक कोटेड’ लिहिलं असेल तर आत कागदच असतो. कोपरा वाकवून सोडला की खरं प्लास्टिक लगेच सरळ होतं, कोटेड पत्त्यावर पांढरी रेघ उमटते.

चुंबकी बुद्धिबळ बर्डीत सर्रास मिळतं आणि बहुतेक वाईट असतं. सोंगटीच्या तळाला हरभऱ्याएवढं चुंबक आणि वर जाड कापडी टिकली, त्यामुळे पकड राहत नाही. दुकानातच पट उलटा धरून दोनदा झटका. राजा आणि वजीर पडले तर परत द्या, कारण उंच सोंगट्याच आधी सुटतात. चांगला पट मिळाला तरी एक पथ्य पाळावं लागतं. सुकाणूजवळच्या होकायंत्रापासून तो किमान एक मीटर लांब ठेवायचा. चुंबक जवळ आलं की होकायंत्राची सुई काही अंश फिरते आणि बोट चुपचाप भलत्या दिशेला चालू लागते. हेच स्पीकर, हेडफोन आणि झाकणात चुंबक असलेल्या मोबाइलच्या कव्हरलाही लागू. या एका कारणासाठी आम्ही चुंबकी खेळाला पाचपैकी तीनच गुण देतो. खाली केबिनमध्ये, सुट्टीच्या वेळात खेळणार असाल तर चार.

आता दोर. या पिशवीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू हीच. गाठकाम अंधारात बोटांनी करता येतं, कुठल्याही क्षणी मांडीवर टाकून उठता येतं, उतारावर घरंगळत नाही, वीज लागत नाही आणि शेवटी जे बनतं ते बोटीवर वापरात येतं. घेताना मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण इतवारीत एकाच खुंटीवर पाच जातींचे दोर टांगलेले असतात आणि सगळ्यांना ‘नायलॉन’च म्हणतात. चकचकीत, हलका, रंगीत आणि बोटांना खरखरीत लागणारा दोर पॉलिप्रॉपिलिनचा असतो. तो पाण्यावर तरंगतो, उन्हात वर्षभरात भुसा होतो आणि त्यात गाठ बसत नाही. खरा नायलॉन मऊ, जड आणि पाण्यात बुडणारा असतो. शंका असेल तर वीतभर तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकून बघा, दुकानदाराची हरकत नसते. सुती दोराचं टोक जाळलं तर कागद जळल्याचा वास येतो आणि राख उरते, बाकीच्यांचा वितळून मणी होतो. सुतळी घेऊच नका. तिची कुसं केबिनभर होतात आणि थेट बिल्ज पंपाच्या, म्हणजे तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या, जाळीत जाऊन अडकतात.

नक्षीच्या गाठींसाठी ३ मिमी जाडीची विणलेली सुती दोरी घ्या. मॅक्रमेच्या हौसेमुळे ती आता सहज मिळते. वजनावर देतात, अर्ध्या किलोत साधारण १०० मीटर बसते आणि एका माणसाला महिनाभर पुरते. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली त्या शहरात सुताला नावं ठेवणं जिवावर येतं, पण सूत समुद्रावर नाजूकच. ओलं झालं की फुगतं आणि लांबीत आखडतं, ओलंच ठेवलं तर काळे ठिपके पडतात. नागपूरच्या मे महिन्यात ते हाडासारखं कोरडं असतं. तशा दोरीची घट्ट गाठ समुद्रावर पहिल्या भिजण्यात इतकी आवळते की नंतर सैल करता येत नाही. म्हणून घरीच बादलीत रात्रभर भिजवायची, ताणून वाळवायची आणि मगच गुंडाळायची.

सुरुवात टर्क्स हेडपासून करावी. नळीभोवती वेणीसारखी बसणारी ही गाठ आहे. सुकाणूच्या चाकाचा जो आरा सरळ वर असताना सुकाणू मध्यावर असतं, त्यावर ती बांधतात, म्हणजे अंधारात नुसत्या हातानं सुकाणूची जागा कळते. तीन पदर आणि कडेला पाच वळसे हा नेहमीचा प्रकार. पदरांची आणि वळशांची संख्या एकाच आकड्यानं भागली जाता कामा नये. तीन आणि सहा घेतले तर एका दोरीत गाठ पुरी होतच नाही, दोरी अर्ध्यात सुरुवातीच्या टोकाला येऊन मिळते आणि माणूस तासभर डोकं खाजवतो. २५ मिमी व्यासाच्या नळीचा घेर ८ सेंमीच्या आसपास. दोरी तीनदा फिरते आणि तिरकी जाते, म्हणून एका फेरीला ३० सेंमी धरा. त्याच वाटेनं आणखी दोन फेऱ्या, म्हणजे ९० सेंमी, आणि टोकं धरायला वरचं. दीड मीटर कापावी. चूक नेहमी एकच होते: दुसरी फेरी पहिलीच्या कधी उजवीकडे तर कधी डावीकडे पडते. एकदा बाजू धरली की शेवटपर्यंत तीच ठेवायची. घट्ट करताना टोक ओढू नका. सुरुवातीपासून एकेका वळशाचा ढिलेपणा पुढे सरकवत न्या, दोन चकरा लागतात.

दुसरं काम आय-स्प्लाइस, म्हणजे दोराच्या टोकाला त्याच्याच पदरांनी विणलेला डोळा. त्यासाठी १२ मिमी जाडीचा तीन पदरी पिळाचा नायलॉन पाच मीटर घ्या. दुकानात ‘पिळाचा, गुंफलेला नको’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर आत गाभा असलेला गुंफलेला दोर हातात पडतो आणि त्याचं विणकाम पूर्ण वेगळं असतं. साधारण २५ सेंमी पदर उलगडायचे, प्रत्येकाच्या टोकाला चिकटपट्टी मारायची आणि पिळाच्या उलट दिशेनं एकाखाली एक घालायचे. नैसर्गिक धाग्याला तीन टाके पुरतात, नायलॉन निसरडा म्हणून पाच. तीनवर थांबलेला नायलॉनचा डोळा हातानं ओढून पक्का वाटतो आणि खरा भार आला की सुटतो.

पदर उचकटायला टोकदार दांडा हवा. तो तयार शोधण्यापेक्षा लोहा ओळीत ३०४ स्टेनलेसची १० मिमी सळई १५-१८ सेंमी कापून घ्या आणि कुठल्याही खरादीवर निमुळती करून घ्या. टोक बोथट-गोल ठेवायचं. सुईसारखं केलं तर ते पदरांमधून जाण्याऐवजी पदराच्या आत शिरतं. मागच्या टोकाला ५ मिमीचं भोक पाडून घ्या आणि त्यातून ६० सेंमी दोरी ओवून मनगटाला बांधा. साध्या लोखंडाची सळई स्वस्त पडते, पण आठवड्यात गंजून सुती दोरीवर तांबडे डाग पाडते.

शिवणकामाच्या बाबतीत बाजार अर्धाच उपयोगी आहे. गोणपाट शिवायचं दाभण जाड आणि चपटं असतं. शिडाच्या डॅक्रॉन कापडाला ते एवढी मोठी भोकं पाडतं की शिवण तिथूनच फाटायला लागते. शिडासाठी तिधारी टोकाच्या १४ ते १६ नंबरच्या सुयाच लागतात आणि त्या बाहेरून मागवाव्या लागतील. हाताची पट्टी मात्र इथला कुठलाही जुना मोची बनवून देतो: ३ मिमी चामडं, तळहाताभोवती बसेल एवढं, अंगठ्याच्या बुडाशी खाचा पाडलेली पितळी चकती. सुईचं बूड त्या चकतीवर टेकवून ढकलायचं. धागा पॉलिएस्टरचा आणि मेण मधमाशीचं घ्या. मेणबत्तीचं मेण थंड झालं की धाग्यावरून पापुद्र्यासारखं गळतं. सरावाला ताडपत्रीवाल्याकडून जाड सुती कॅनव्हासचा तुकडा घ्यावा आणि त्याची तळ गोल असलेली पिशवी शिवावी. त्या एकाच कामात सरळ शिवण, गोल शिवण आणि कडीची भोकं, सगळं येऊन जातं.

वाचनाला पुस्तकं न्यावीत की ई-रीडर? वजन आणि दमटपणा बघता ई-रीडरच. किंडल पेपरव्हाइट धरून बोलायचं तर तो आयपीएक्स८ दर्जाचा, म्हणजे पाण्यात बुडाला तरी टिकणारा आहे. पण बारीक अक्षरं वाचा: गोड्या पाण्यात दोन मीटर खोल ६० मिनिटं, समुद्राच्या पाण्यात पाव मीटर खोल फक्त तीन मिनिटं. खाऱ्या पाण्याचा सपकारा बसला की गोड्या पाण्यानं पुसायचं आणि यूएसबी-सीचं तोंड पूर्ण कोरडं होईपर्यंत चार्जिंगला लावायचं नाही. खरं नुकसान तिथेच होतं, मिठाच्या ओलाव्यातून प्रवाह गेला की पिना खातात. ‘दहा आठवडे बॅटरी’ हा आकडा २०२१ च्या मॉडेलचा, रोज अर्ध्या तासाच्या वाचनाचा आणि वाय-फाय बंद ठेवून आहे. गुणाकार केला तर ३५ तास होतात. समुद्रावर माणूस रोज चार तास वाचतो, म्हणजे नवव्या दिवशी चार्जिंग. तरीही बोटीच्या १२ व्होल्ट बॅटरीतून तो अर्धा अँपिअर-तासच खातो, लॅपटॉप एका चार्जिंगला पाच. शंभर अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतले पन्नासच वापरायचे असतात आणि त्यावर ऑटोपायलट, दिवे आणि जीपीएसही चालतात. तिथे रोज लॅपटॉपवर सिनेमे बघणाऱ्याला कप्तान दोन दिवसांत ओळखून असतो.

रात्रीच्या पाळीवर उजेड अगदी कमी आणि काळ्या पानावर पांढरी अक्षरं ठेवावीत. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका भगभगीत पडद्यानं ती क्षणात जाते. पहिले दोन-तीन दिवस मात्र काहीच वाचू नका. बोट लागण्याचा तोच काळ असतो, मान खाली घालून वाचणं, शिवणं, मोबाइल बघणं या सगळ्यानं मळमळ वाढते. त्या दिवसांत फक्त कान उपयोगाचे.

म्हणून ऐकायचं सामान निघण्याआधी नीट भरून घ्यावं. नाट्यगीतं, कथाकथन, कीर्तनं, जे आवडेल ते. बोलण्याच्या ध्वनिफितीला मोनो ६४ केबीपीएस पुरे, तासाला २९ एमबीच्या आत बसते आणि ३२ जीबीच्या कार्डात हजार तासांहून जास्त मावतं. ॲपमधल्या ‘डाउनलोड’वर विसंबू नका. अनेक सशुल्क ॲपना तीस दिवसांतून एकदा इंटरनेटला जोडून हजेरी लावावी लागते, नाहीतर भरलेलं सगळं कुलूपबंद होतं. साध्या एमपी३ फायली हव्यात, आणि वाजवायला बटणांचा प्लेअर. टचस्क्रीनला ओली बोटं कळत नाहीत. पाळीवर एकाच कानात लावायचं, शीड फडफडल्याचा आवाज दुसऱ्या कानाला आला पाहिजे. बर्डीत प्लेअर घेताना कार्ड आपलं न्या आणि भरून तिथेच वाजवून बघा. ‘भाऊ, ओरिजिनल आहे’ असं न विचारता सांगितलेलं कार्ड तर संगणकावर पूर्ण भरून तपासल्याशिवाय बॅगेत टाकू नये. नकली कार्ड ३२ जीबी दाखवतं आणि आठनंतरचं सगळं गिळतं.

यात गंमत अशी की सगळ्यात लांबच्या शर्यतीत ही चैन नसतेच. गोल्डन ग्लोब रेसमध्ये, म्हणजे एकट्यानं न थांबता जगाला फेरी मारण्याच्या शर्यतीत, १९६८ च्या काळातलीच साधनं चालतात, म्हणून संगीत न्यायचं ते कॅसेटवर. २०२२-२३ च्या शर्यतीत दुसरे आलेले अभिलाष टॉमी २३६ दिवस त्याच नियमांत एकटे होते. नागपुरात घरोघरी माळ्यावर पडलेल्या कॅसेटी त्यांच्या बोटीवर सोन्याच्या ठरल्या असत्या.

शॉर्टवेव्ह रेडिओ हा वेळ घालवण्याचा सगळ्यात गुणी प्रकार, पण एसएसबी (सिंगल साइडबँड, खाली सांगितलेल्या हवामानाच्या नकाशांसाठी लागणारी सोय) असलेलाच घ्यावा. टेकसन पीएल-३३० हा खिशात मावणारा आणि एसएसबी असलेला संच ऑनलाइन मिळतो. त्याची बॅटरी बीएल-५सी, म्हणजे जुन्या नोकिया ११०० मधली, आणि ती बर्डीत कुठल्याही टपरीवर मिळते. दोन जास्तीच्या घ्या. घेताना काउंटरच्या काचेवर आडवी ठेवून बोटानं फिरवा. गरगर फिरली तर ती फुगलेली आहे, ठेवून द्या. बोटीवर सात-आठ मीटर साधी वायर ॲंटेनाला चिमट्यानं जोडून वर ताणली की चित्र बदलतं. खरखर आलीच तर आधी सोलरचा एमपीपीटी कंट्रोलर आणि एलईडी दिवे क्षणभर बंद करून बघा, बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

नुसतं ऐकण्यापलीकडे दोन उद्योग करता येतात. चीनचं बीपीएम केंद्र ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर वेळेचे ठोके देतं. सेक्स्टंटनं सूर्याची उंची मोजून बोटीची जागा काढणाऱ्याला घड्याळ त्यावर रोज ताडून बघता येतं. चार सेकंदांची चूक म्हणजे विषुववृत्ताजवळ एक सागरी मैल. दुसरा उद्योग हवामानाचे नकाशे पकडण्याचा. मोबाइलमध्ये वेदरफॅक्स उतरवणारं ॲप टाकायचं, रेडिओ अप्पर साइडबँडवर जाहीर वारंवारतेच्या १.९ किलोहर्ट्झ खाली लावायचा आणि मोबाइलचा माइक स्पीकरला टेकवायचा. वारंवारता जराशी चुकली तर नकाशा फिकट नाहीतर काळा येतो, घड्याळाची गती चुकली तर तिरका. प्रसारणाचं वेळापत्रक निघण्याआधी कागदावर छापून घ्या.

मोड आणणं हा उद्योग यादीत पाहून काही जण हसतील. दहाव्या दिवशी बोटीवर हिरवं काही उरत नाही, तेव्हा मुगाची बरणी बघायला सगळे दोनदा येतात. एक लिटरची प्लास्टिकची रुंद तोंडाची बरणी, तोंडाला मलमलचं फडकं आणि रबर. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम मूग आठ तास भिजवायचे, पाणी काढायचं, बरणी तिरकी बांधून ठेवायची आणि दिवसातून दोनदा धुवायचं. उष्ण कटिबंधात ३० ते ३६ तासांत मोड येतात. एका घाण्याला लिटरभर गोडं पाणी जातं, त्यामुळे कप्तानाला विचारूनच. समुद्राच्या पाण्यानं धुतले तर मोड येत नाहीत. आंबूस वास आला तर पाणी पूर्ण निथळलेलं नसतं, फेकून द्या. मूग इतवारीतून यंदाचे आणि न भरडलेले बघून घ्यावेत. मटकीला थोडा जास्त वेळ लागतो पण ती उन्हाळ्यात कमी आंबते. काचेची बरणी नको, कारण सांगायची गरज नाही.

मासेमारीचं सामान मात्र इथून अजिबात घेऊ नका. आपल्याकडचे गळ आणि दोरा तलावातल्या रोहू-कटल्यासाठी असतात. सहा नॉटनं चालत्या बोटीमागे टुना किंवा सुरमई लागली की तो दोरा तुटतो किंवा, त्याहून वाईट, हात कापतो. दीड-दोन मिमी जाडीचा मोनोफिलामेंट साठ-सत्तर मीटर आणि मागे झटका खायला जाड रबर, हे किनाऱ्यावरच्या बंदरात घ्यावं.

रोजनिशीसाठी जेल पेन नको, एका थेंबात पान निळं होतं. बॉलपेनही दमट कागदावर अडखळतं. २बी पेन्सिल उत्तम. एचबी ओलसर कागद फाडते. वही शिवलेल्या बांधणीची घ्या, डिंकानं चिकटवलेली सुटून पानं उडतात, आणि स्पायरलच्या तारेला गंज धरतो. सगळं सामान एका पिशवीत न भरता दोन कोरड्या पिशव्यांत भरा: दोर, सळई आणि प्लेअर पाळीच्या पिशवीत, बाकी खाली केबिनमध्ये. दोरीवर मीठ साचलं की ती हवेतलं पाणी ओढत राहते आणि कधीच वाळत नाही, तेव्हा पहिल्या पावसाच्या सरीत पाळीची पिशवी उघडून दोरी तेवढी बाहेर काढायची.